सलाइन चार वाजता लागली, म्हणून वाया गेली का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही कराडचे. माझे मिस्टर ६३ वर्षांचे आहेत. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. पुण्याला दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध) आणि केमोची सलाइन लावतात. पाच झाल्या. चौथ्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ बरीच लहान झाली, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पहाटे निघतो, तिथे पोचून रक्त देतो, रिपोर्ट येतात, डॉक्टर बघतात, आणि सलाइन लागेपर्यंत दर वेळी चार-साडेचार होतात. परवा पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं, की इम्युनोथेरपी दुपारी तीनच्या आत दिली तरच लागू पडते, नंतर दिली तर निम्मं औषध वाया जातं. तेव्हापासून मला झोप नाही. पाचही सलाइन आम्ही संध्याकाळी घेतल्या, हे माझ्या हलगर्जीपणामुळे झालं का? दुसऱ्या एका रुग्णालयात सकाळची वेळ मिळेल, पण तिथे खर्च जास्त आहे, आणि नवीन फाइल, तपासण्या यांत महिना जाईल. तिकडे जावं का? अंगावर पुरळ आलं म्हणून थोडे दिवस स्टिरॉइडची गोळी दिलीय, ती मी रात्री जेवणानंतर देते. आणि बीपीची गोळीही सकाळऐवजी रात्री द्यावी, असं नणंद म्हणते. तेही सांगा.
(पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलं आहे.)

उत्तर: ताई, आधी स्कॅनबद्दल बोलू. तुमच्या मूळ पत्रात ती एक ओळ घाईने येऊन गेलीय आणि व्हॉट्सॲपच्या मजकुराला मात्र दीड पान मिळालंय. चार सलाइन संध्याकाळी लागल्या आणि गाठ लहान झाली. म्हणजे औषध लागू पडतंय. शेकडो रुग्णांची सरासरी काहीही सांगो, तुमच्या घरातल्या माणसाबद्दल सगळ्यात खात्रीची बातमी त्या स्कॅनच्या रिपोर्टात आहे. तो पुन्हा एकदा काढून वाचा, मग माझं पुढचं वाचा.

पुतण्याने पाठवलेलं अगदीच थोतांड नाही. त्यामागे खरं संशोधन आहे. फक्त ते हातोहात फिरताना त्यातलं ‘कदाचित’ गळून पडलं आणि ‘वाया’ हा शब्द कुणीतरी आपल्या पदरचा घातला.

ही चर्चा रंगली ती २०२१ मध्ये. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या २९९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. कोणाला सलाइन कितीला लागली, हे नर्सच्या वहीत असतंच. त्यांना असं दिसलं, की ज्यांच्या किमान एकपंचमांश सलाइन दुपारी साडेचारनंतर लागल्या होत्या, त्यांचं जगणं इतरांपेक्षा कमी होतं. वय, आजाराची अवस्था वगैरे शक्य तितकं सारखं असलेले रुग्ण निवडून तुलना केली, तरी मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. त्यानंतर फुफ्फुस, मूत्रपिंड अशा वेगवेगळ्या कॅन्सरच्या नोंदी ठिकठिकाणी चाळल्या गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी कल तोच दिसला.

आता तुम्हीच विचार करा. तुमच्या रुग्णालयात संध्याकाळी सलाइन कोणाला लागते? लांबून येणाऱ्यांना. ज्यांचं रक्त सकाळी कमी निघालं आणि पुन्हा तपासावं लागलं, त्यांना. ज्यांना ताप होता म्हणून डॉक्टरांनी दोन तास थांबवून ठेवलं, त्यांना. म्हणजे संध्याकाळच्या यादीत आधीच थकलेली, अडचणीतली माणसं जास्त असू शकतात. मग जगणं कमी झालं ते घड्याळामुळे की त्या थकव्यामुळे? जुन्या वह्या कितीही बारकाईने चाळल्या, तरी या प्रश्नाची वाट पूर्ण बंद करता येत नाही. तिथे चिठ्ठ्या टाकूनच गट पाडावे लागतात.

तसा प्रयोग चीनमध्ये हूनान प्रांतातल्या कॅन्सर रुग्णालयात झाला. तुमच्या पुतण्याच्या निरोपातले ‘दुपारचे तीन’ तिथूनच आलेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे २१० रुग्ण घेतले, तुमच्या यजमानांसारखेच, म्हणजे इम्युनोथेरपी आणि केमो एकत्र चालू असलेले. अर्ध्यांना पहिल्या चार सलाइन तीनच्या आत दिल्या, अर्ध्यांना तीननंतर. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलं. लवकरच्या गटात आजार आटोक्यात राहण्याचा काळ सुमारे दुप्पट भरला, आणि ती माणसं जगलीही जास्त. हे निकाल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत मांडले गेले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. एकही नवं औषध नाही, पैसा जास्त नाही, फक्त वेळ बदलली.

पण त्याच प्रयोगातली दुसरी बाजू निरोपात आलेली नाही. तीननंतरच्या गटातही निम्म्याहून अधिक लोकांच्या गाठी आकसल्या. ‘तीननंतर लागू पडत नाही’ असं त्या डॉक्टरांनी कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या यजमानांची गाठ आकसली, यात चमत्कार काही नाही.

वेळेने एवढा फरक पडावा तरी का, हे मला स्वतःला या सगळ्यात जास्त चक्रावणारं वाटतं. पेम्ब्रोलिझुमॅब हे काही डोकेदुखीच्या गोळीसारखं चार तासांत उतरत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण तीन आठवडे लागतात. सोमवारी सकाळी दिलं काय आणि सोमवारी संध्याकाळी दिलं काय, मंगळवारी ते दोन्हीकडे असणारच. मग सहा तासांचं काय एवढं?

याचं उत्तर औषधात नसून ज्या पेशींवर ते काम करतं त्यांच्यात असावं. आपल्या रोगप्रतिकारक टी पेशी कॅन्सरच्या गाठीत शिरतात खऱ्या, पण गाठ त्यांना एका खुणेने गप्प बसवते. ती खूण झाकायचं काम हे औषध करतं. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आणि गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षीचं, २०१७ चं वैद्यकाचं नोबेल शरीरातल्या घड्याळाच्या शोधाला होतं. हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी फळमाश्यांमध्ये दाखवून दिलं, की दिवसरात्रीचा ताल पेशीच्या आतल्या जनुकांमध्येच बसवलेला असतो. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांत येणाऱ्या उजेडावर जुळतं, आणि बाकी अवयवांची आपापली छोटी घड्याळं त्याच्या तालावर चालतात. टी पेशींनाही असं घड्याळ आहे. माणसाच्या रक्तात त्या रात्री जास्त फिरताना दिसतात. पहाटे कॉर्टिसॉल हे शरीरातलंच स्टिरॉइड संप्रेरक वाढू लागलं, की रक्तातली त्यांची संख्या उतरते, कारण त्या रक्त सोडून आत पेशीजालात शिरतात.

जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये उंदरांवर हेच तपासलं. गाठीतल्या टी पेशींची संख्या दिवसभरात कमीजास्त होत होती, कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही घड्याळ असतं आणि ठरावीक वेळी ते पेशींना बाहेर पडायला जास्त वाट देतं. गाठीत गर्दी असताना औषध दिलं, तर ते चांगलं लागू पडलं. तुमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुकादमाने कोयता लावायला सांगितला, तेव्हा टोळी फडात उतरलेली हवी. ती अजून रस्त्यावर असेल, तर काम उशिरा सुरू होतं आणि नीट उरकत नाही. हे सगळं माणसात तंतोतंत असंच घडतं, हे अजून सिद्ध व्हायचंय. उंदीर हा रात्रीचा प्राणी, त्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ. त्यामुळे उंदराच्या घड्याळातले आकडे उचलून आपल्या भिंतीवर लावता येत नाहीत.

मग मी या ‘तीनच्या आत’वर किती विश्वास ठेवते? मागणी करण्याइतका ठेवते, झोप उडवण्याइतका नाही. कारण तुमच्या नणंदेच्या प्रश्नातच आहे. २०१९ मध्ये स्पेनमधल्या १९,०८४ रुग्णांचा एक अभ्यास आला. बीपीच्या गोळ्या रात्री घेतल्या, तर हृदयविकार आणि पक्षाघात जवळजवळ निम्म्यावर येतात, असं त्यात म्हटलं होतं. जगभर बातम्या झाल्या, आपल्याकडेही निरोप फिरले, नणंदेपर्यंत पोचला तो बहुधा त्यातलाच. मग ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर तोच प्रश्न घेऊन मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२२ मध्ये लागला: सकाळ असो वा रात्र, फरक काही नाही. पहिला आकडा इतका देखणा होता, की तेव्हाच भुवई उंचावायला हवी होती. आता कॅन्सरच्या बाबतीत २१० रुग्ण, एक देश आणि आजार आटोक्यात राहण्याचा दुप्पट काळ, हे बघून माझी भुवई थोडी वर आहेच. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या रुग्णालयांत हे पुन्हा दिसलं, तर मला आनंदच होईल.

कॅन्सरच्या उपचारात घड्याळ आणायचा प्रयत्न याआधीही झालाय, इम्युनोथेरपी नव्हती तेव्हा. फ्रान्सचे फ्रान्सिस लेव्ही यांनी आतड्याच्या कॅन्सरची केमो दिवसाच्या वेळा बघून द्यायची पद्धत बसवली. ५६४ रुग्णांच्या मोठ्या युरोपीय प्रयोगात एकूण फायदा दिसला नाही, पण आत डोकावल्यावर पुरुषांना फायदा आणि बायकांना उलट तोटा झालेला दिसला. तेव्हा ‘सगळ्यांनी अमुक वाजता’ असा नियम करायची घाई कुणी करू नये.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. सकाळची वेळ मागायला पैसे पडत नाहीत आणि त्यात धोकाही काही नाही, म्हणून ती जरूर मागा. पण माझा अंदाज असा आहे, की तुमचे चार वाजतात ते रक्ताच्या रिपोर्टमुळे. तुम्ही नऊ-साडेनऊला पोचता, रक्त देता, रिपोर्ट हाती यायला बारा-एक होतात, मग ओपीडीत नंबर. त्यानंतर कुठे फार्मसीत औषध तयार करायला चिठ्ठी जाते. केमो असल्यामुळे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन हे बघितल्याशिवाय डॉक्टर सलाइन लावू देणार नाहीत, आणि देऊही नये. हे सगळं रक्त आदल्या दिवशी कराडलाच दिलं तर चालेल का, कुठल्या लॅबचा रिपोर्ट ते मानतील, हे पुढच्या भेटीत विचारा. बरीच रुग्णालयं एक-दोन दिवस आधीचा रिपोर्ट चालवून घेतात. रिपोर्ट आदल्या संध्याकाळी फोनवर पाठवला आणि तो नीट असला, तर सकाळच्या यादीत नाव लागण्याची शक्यता खूप वाढते. पुण्यात पुतण्या आहेच. इतका काळजी करतोय, तर आदल्या रात्री तुम्हा दोघांची त्याच्याकडे सोय करू दे. पहाटे तीनला उठून एसटी धरायची, अर्धी रात्र जागायची आणि शरीराच्या घड्याळाची चिंता करायची, याला काही अर्थ नाही.

डे-केअरच्या इन-चार्ज सिस्टरशीही बोला. बेड कोणाला कितीला मिळणार, हे बहुतेक ठिकाणी त्याच ठरवतात. आणखी एक: पेम्ब्रोलिझुमॅब केमोच्या आधी द्यायचं असतं आणि ते अर्ध्या तासात संपतं. म्हणजे पूर्ण चार-पाच तासांचं काम तीनच्या आत उरकायला हवं असं नाही, सुरुवात वेळेत झाली तरी पुरे.

एवढं करूनही एखाद्या वेळी चार वाजले, तर वाजू द्या. ‘आज उशीर झाला, पुढच्या आठवड्यात सकाळी येऊ’ असं स्वतःहून ठरवून परत फिरू नका. डॉक्टरांनी कारणाने तारीख पुढे ढकलली तर गोष्ट वेगळी.

रुग्णालय बदलायचं तर माझं मत स्पष्ट आहे: फक्त वेळेसाठी बदलू नका. महिनाभर खंड पडणं हा माहीत असलेला तोटा आहे, आणि संध्याकाळच्या सलाइनचा तोटा अजून अंदाजातला. शिवाय त्या चिनी प्रयोगात पहिल्या चारच सलाइनची वेळ बांधलेली होती. तुमच्या पाच होऊन गेल्या. सहाव्यापासून वेळ बदलल्याने किती हाती लागेल, याचं उत्तर त्या प्रयोगात नाही. त्यासाठी घरातली शिल्लक मोडू नका. या औषधांत आपल्याकडे खरा अडसर पैशाचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये याच जातीचं निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या २४० च्या बाराव्या हिश्शाइतकं, स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन बघितलं. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. ते तुमच्या यजमानांना लागू नाही, आजार वेगळा, मात्रा कमी करायचा विचारही मनात आणू नका. मी ते सांगितलं ते एवढ्यासाठी, की औषध परवडत राहणं आणि न चुकता मिळत राहणं याचं वजन घड्याळाच्या काट्यापेक्षा जास्त आहे.

आणि हलगर्जीपणाबद्दल. तुमची पहिली सलाइन लागली तेव्हा हा नियम कुठल्याच रुग्णालयाच्या भिंतीवर नव्हता, आजही नाही. तुमचे चार वाजले ते रिपोर्ट, ओपीडीचा नंबर आणि बेड यांच्या रांगेमुळे. तुम्ही नवऱ्याला घेऊन पहाटे निघालात, एकही तारीख चुकवली नाहीत. याला हलगर्जीपणा म्हणायचं, तर मला दुसरा शब्द शोधावा लागेल.

पुरळाच्या गोळीचं मात्र घड्याळ बदलायला हवं, असं मला वाटतं. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड रात्री घेतलं, की झोप उडते. आपलं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सोडतं, म्हणून दिवसातून एकदा घ्यायची साधी गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर देतात. डॉक्टरांना फोन करून ‘सकाळी दिली तर चालेल ना’ एवढं विचारा. मात्रा मात्र स्वतःहून कमी करू नका आणि गोळी अचानक बंदही करू नका. यालाही अपवाद आहे बरं का. आमवातात सांधे पहाटे आखडतात, कारण सूज वाढवणारी रसायनं रात्रीच्या उत्तरार्धात चढतात. त्यासाठी रात्री दहाला घ्यायची आणि चार तासांनी पोटात उघडणारी खास प्रेडनिसोन गोळी काढली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने सकाळचा आखडलेपणा कमी केला. तिथे रात्रीचं घड्याळ खरंच कामाला आलं. पण ती गोळी वेगळी, आजार वेगळा. शेजारणीला रात्री देतात म्हणून आपणही रात्री, असं करू नका.

वेळेच्या बाबतीत तुम्ही खरोखर कडक राहायला हवं असं एक ठिकाण आहे. या औषधाने सोडवलेल्या पेशी कधीकधी स्वतःच्याच अवयवांवर उलटतात. पुरळ हा त्यातलाच सौम्य प्रकार. कोरडा खोकला नव्याने सुरू झाला, चालताना दम लागायला लागला, दिवसात चार-पाच पातळ जुलाब झाले, डोळे पिवळे दिसले, खूप गळून गेल्यासारखं वाटलं, तर गावातल्या दुकानातून जुलाबाची गोळी आणून वाट बघत बसायचं नाही. पुण्याला फोन करायचा, मग मध्यरात्र का असेना. गावात दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर पहिलं वाक्य ‘यांना इम्युनोथेरपी चालू आहे’ हे असू दे. सलाइन संपून महिने उलटले, तरी हे होऊ शकतं. तो आपत्कालीन नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का, पुतण्याच्याही आहे का, हे आजच बघा.

पुतण्यावर रागावू नका. त्याने काळजीपोटी पाठवलं. पुढच्या वेळी निरोप धाडण्याऐवजी डे-केअरला फोन करून सकाळची यादी मिळवायचं काम त्याला द्या, आयटीवाल्यांना पाठपुरावा चांगला जमतो.

राहिली बीपीची गोळी. नणंदेला ब्रिटनच्या प्रयोगाचं सांगा, आणि गोळी जशी सकाळी चालू आहे तशीच चालू ठेवा, सलाइनच्या दिवशीही. डॉक्टरांनी त्या दिवशी थांबवायला सांगितलं असेल, तरच थांबवा.